रंग आणि शेजार : प्रवाळ-मत्स्यालयासाठी माशांची निवड



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांनी या शाळेत जीवशास्त्र शिकवले. प्राण्याचे नाव सांगण्यापूर्वी तो खातो काय आणि राहतो कोठे ते सांगा, असा त्यांचा आम्हा विद्यार्थ्यांना दंडक असे. आज माझ्याकडे सोपवलेला विषय त्या दंडकाच्या आधारेच मांडावा, असे मी ठरवले आहे. शाळेच्या नव्या विज्ञान दालनात खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय, तेही जिवंत प्रवाळांसह, उभारण्याचा संकल्प माजी विद्यार्थ्यांनी सोडला आहे. त्यात कोणते मासे असावेत, ते रंगीबेरंगी असावेत आणि एकमेकांशी भांडू नयेत, एवढे सांगावे, अशी समितीची विनंती आहे.

या विनंतीत दोन अटी आहेत : रंग हवा आणि सलोखाही हवा. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या अटी पुष्कळदा एकमेकींच्या आड येतात, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : मासे त्यांच्या अन्नावरून, जागेवरून आणि स्वभावावरून निवडावेत, तसे केले असता रंग आपोआप पदरात पडतो. रंग पाहून मासे आणले, तर काही आठवड्यांत मासेही उरत नाहीत आणि रंगही उरत नाही.

प्रथम या मत्स्यालयाचे स्वरूप ध्यानात घेऊ. काचेच्या भांड्यात समुद्रजीव पाळण्याची हौस युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फोफावली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गाभ्यासकाच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. परंतु त्या काळच्या बहुतेक टाक्यांत मासे असत, जिवंत प्रवाळ नसत. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांनी प्रवाळ व मासे एकत्र जगवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या प्रवाळ-मत्स्यालयाचे मूळ बव्हंशी त्या कल्पनेत आहे. अशा टाकीत खडक हा देखावा नसून टाकीचे यकृत असतो, असे म्हणावयास हरकत नाही. माशांच्या शरीरातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. खडकावर वसलेले एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि खडकाच्या आतल्या प्राणवायूविरहित छिद्रांत राहणारे तिसरे जीवाणू त्यातील काही नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करून ते हवेत सोडतात. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे तेथे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. म्हणून टाकी भरल्यानंतर ही जीवाणूंची वस्ती तयार होईपर्यंत, म्हणजे साधारणपणे चार ते सहा आठवडे, एकही मासा सोडावयाचा नसतो. रिकाम्या टाकीकडे पाहत बसण्याचा हा काळ देणगीदारांना फार जड जातो; पण तो टाळता येत नाही.

आपल्या टाकीची आखणी दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि सत्तर सेंटिमीटर उंच अशी आहे. विद्यार्थ्यांनी गुणाकार केला तर १०५० लिटर हे उत्तर येईल. खडक आणि वाळू यांची जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी नऊशे लिटरच्या आसपास भरेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पहिल्या भरणीलाच तीस किलोंहून अधिक मीठ लागेल, आणि तेही स्वयंपाकाचे नव्हे, तर त्यासाठी खास बनवलेले मिश्रण. समुद्र दाराशी असताना मीठ विकत का आणायचे, असा प्रश्न गोव्यात हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर मांडवी आणि जुवारी या नद्या देतात. पावसाळ्यात त्या इतके गोडे पाणी आणि गाळ किनाऱ्यावर आणून ओततात की पृष्ठभागाच्या पाण्याची क्षारता कमालीची घटते. शिवाय बोटींचे तेल आणि सांडपाणी आहेच. प्रवाळाला क्षारता, तापमान आणि चुन्याचे प्रमाण ही तिन्ही स्थिर लागतात. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान राखावे लागते, आणि गोव्याच्या मे महिन्यात त्यासाठी पाणी थंड करणारे चिलर यंत्र अपरिहार्य ठरते.

हजार लिटर ऐकावयास मोठे वाटते. परंतु ज्या माशाने आजवर शेकडो मीटर खडकावर चरत दिवस काढला, त्याच्या दृष्टीने ही दोन मीटरची खोली आहे. समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तेथेच मिटते. टाकीत पळून जावयास जागा नसल्यामुळे तेच भांडण मृत्यूपर्यंत जाते. सलोख्याचा सगळा प्रश्न या एका फरकातून उद्भवतो.

आता रंगाकडे वळू. प्रवाळखडकावरील मासे इतके भडक का, या प्रश्नाने अनेक शास्त्रज्ञांना भुरळ घातली. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कॉन्राड लॉरेन्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील ग्रंथाचा आरंभच प्रवाळखडकावरील माशांपासून केला. त्यांचे म्हणणे असे की, भित्तिपत्रकासारखे ठळक रंग धारण करणारे मासे विशेषेकरून आपल्याच जातीच्या माशांवर तुटून पडतात. कारण त्याच अन्नावर आणि त्याच बिळावर हक्क सांगणारा खरा प्रतिस्पर्धी स्वजातीयच असतो. रंग हा जणू दारावरची पाटी : ही जागा भरलेली आहे, तुझ्यासारख्याने पुढे जावे. पुढच्या संशोधनाने हे मत सर्वच माशांना लागू पडत नाही असे दाखवले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जस्टिन मार्शल यांनी असे मांडले की, आपल्याला भडक दिसणारा पिवळा रंग दूरून पाहणाऱ्या माशाला खडकाच्या सर्वसाधारण रंगात मिसळल्यासारखा दिसतो आणि निळा रंग पाण्यात विरून जातो. जवळून मात्र हेच दोन रंग परस्परांशेजारी उठून दिसतात. म्हणजे एकच पोशाख जवळच्यांसाठी पाटी आणि दूरच्या शत्रूसाठी पडदा असतो. तांबड्या रंगाची गोष्ट आणखी निराळी. पाणी तांबडा प्रकाश सर्वांआधी शोषून घेते. त्यामुळे काही मीटर खाली तांबडा मासा काळपट दिसतो. जो रंग आपण दिव्याखाली पाहून वाखाणतो, तो त्याच्या घरी अंधारात लपण्यासाठी असतो.

लॉरेन्झ यांचे मत सार्वत्रिक नियम म्हणून टिकले नसले, तरी टाकी सजवणाऱ्याला त्यातून एक अत्यंत उपयुक्त सूत्र मिळते : सारखा आकार, सारखा रंग आणि सारखे अन्न असलेले दोन मासे एकत्र ठेवू नयेत. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. कॅरिबियन समुद्रात रॉयल ग्रामा नावाचा बोटभर लांबीचा मासा राहतो. त्याचा पुढचा अर्धा भाग जांभळा आणि मागचा अर्धा पिवळा असतो. पॅसिफिकच्या पश्चिम भागात रॉयल डॉटीबॅक नावाचा दुसरा मासा आहे. त्याचाही पुढचा भाग जांभळा आणि मागचा पिवळा. दुकानातील काचेआड ते भाऊ भासतात. वस्तुतः ग्रामा हा बिळाच्या छताखाली उलटा तरंगणारा, आपले बीळ सोडून फारसा कोणाच्या वाटेस न जाणारा मासा आहे, तर डॉटीबॅक स्वतःहून मोठ्या माशांनाही चावे घेणारा म्हणून प्रसिद्ध आहे. ओळखण्याची खूण अशी : ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू मिसळतो आणि त्याच्या पाठीच्या परावर पुढे काळा ठिपका असतो; डॉटीबॅकचे दोन रंग रेघ मारल्यासारखे तुटक असतात. रंग पाहून खरेदी करणाऱ्याला या दोघांतील भेद कळत नाही. स्वभाव विचारणाऱ्याला तो कळतो.

काही वर्षांपूर्वी किनारपट्टीवरील एका हॉटेलच्या दर्शनी दालनात मी असेच भव्य मत्स्यालय पाहिले होते. उद्घाटनाच्या दिवशी त्यात एकतीस मासे होते आणि पाहणाऱ्यांची दाटी झाली होती. महिन्याभराने पुन्हा जाण्याचा प्रसंग आला तेव्हा सात उरले होते, आणि त्या सातांपैकी सहा एका अंगठ्याएवढ्या निळ्या डॅमसेल माशाच्या धाकाने पाण्याच्या पंपामागे दडून बसले होते. मेलेल्या चोवीसांची कारणे मी तेथील कामगारांना विचारून घेतली. काही पहिल्याच आठवड्यात अमोनियाने गेले, काही उपाशी राहून, काही मोठ्यांच्या तोंडी पडून आणि काही मार खाऊन. या चार कारणांतूनच निवडीच्या कसोट्या आपल्याला घडवता येतात. पहिल्या कारणावरचा उपाय, म्हणजे धीर, वर सांगितलाच आहे. उरलेल्या तिन्हींसाठी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : तो खातो काय? फुलपाखरू मासे अतिशय मोहक असतात, परंतु त्यांतील कित्येक जाती जिवंत प्रवाळाच्या पॉलिपांवरच जगतात. प्रवाळाच्या टाकीत ते सोडले तर प्रवाळ जातात, आणि प्रवाळ नसलेल्या टाकीत ते स्वतः उपाशी मरतात. एंपरर एंजल हा मोठा एंजल मासा लहानपणी गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे मिरवतो आणि वाढल्यावर त्याच अंगावर पिवळे आडवे पट्टे धारण करतो. दोन्ही रूपे इतकी भिन्न की एके काळी त्याच्या पिल्लाला निराळी जात समजून निराळे नाव दिले गेले होते. तोही प्रवाळांना टोचे मारतो. मूरिश आयडल बंदिवासात बहुधा अन्नच घेत नाही. मँडरिन हा मासा पाहून तर रंगाऱ्यानेही हात जोडावेत. बहुतेक माशांचा निळा रंग प्रकाशाच्या परावर्तनातून निर्माण होतो. मँडरिनच्या त्वचेतील पेशींत मात्र खरे निळे रंगद्रव्य असते, हे जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिले. परंतु हा मासा दिवसभर खडक टिपत कोपेपॉडसारखे सूक्ष्म कवचधारी प्राणी खातो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात. मग तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत जातो. टाकीला दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत त्याचे नावही काढू नये. आणि अन्नाच्या प्रश्नाची दुसरी बाजू अशी की, जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो शेजारी नसून भक्ष्य असतो. आपल्या बाजारात मिळणारा गोबरा ज्या कुळातला, त्या कुळातील रंगीत मासे आणि सिंहासारखी आयाळ पसरणारा लायनफिश हे या कारणाने बाद होतात. ट्रिगरफिश कोळंबी, खेकडे आणि गोगलगायी फोडून खातात, म्हणून तेही बाद.

दुसरा प्रश्न : तो राहतो कोठे? टाकी हे उभे घर समजावे. तळाची वाळू, खडकातील बिळे, खडकाची पाठ आणि वरचे मोकळे पाणी असे त्याचे मजले. सगळे मासे एकाच मजल्याचे घेतले तर दंगा होतो. मजले वाटून दिले तर बारा मासेही गुण्यागोविंदाने राहतात आणि टाकी भरलेली दिसते.

तिसरा प्रश्न : तो वाढतो किती, जगतो किती आणि वागतो कसा? दुकानातील चार सेंटिमीटरचा निळा टँग पूर्ण वाढल्यावर सुमारे तीस सेंटिमीटर होतो. शेपटीच्या मुळाशी धारदार काटा असल्यामुळे टँगच्या कुळाला सर्जनफिश असे नाव पडले. त्या काट्याचा उपयोग तो दुसऱ्या टँगवर विनासंकोच करतो. या कुळातील काही मासे समुद्रात तीस-चाळीस वर्षे जगतात. आज आठवीत असलेला विद्यार्थी आपल्या मुलाला शाळेत घालावयास येईल तेव्हाही तो मासा टाकीत असावा, अशी आपली तयारी हवी.

या कसोट्यांना उतरणारी माझी यादी आता सांगतो. तळाच्या वाळूत एक वॉचमन गोबी आणि त्याच्याबरोबर एक पिस्तूल कोळंबी. कोळंबीची दृष्टी मंद. ती दिवसभर बीळ खणते आणि आपली एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते. संकट दिसताच गोबी शेपटी थरथरवतो आणि दोघेही बिळात शिरतात. सहजीवनाचा पाठ शिकवण्यास याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. खडकाच्या बिळांत एक रॉयल ग्रामा आणि फायरफिशची एक जोडी. फायरफिशचा पुढचा भाग फिकट आणि शेपूट अग्निशिखेसारखी तांबडी. तो भित्रा असून घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळीचे झाकण आवश्यक. खडकाच्या पाठीवर शेवाळ खरवडणारा एक ब्लेनी. मधल्या पाण्यात बँगाई कार्डिनलची जोडी : रुपेरी अंग, काळे पट्टे आणि पांढरे ठिपके. यातील नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि पिल्ले बाहेर पडल्यावरही काही दिवस ती तोंडातच सांभाळतो. सुमारे महिनाभर तो जवळजवळ अन्न घेत नाही. वरच्या मोकळ्या पाण्यात प्लवक टिपणारे दोन फेअरी रास, त्यात एकच नर. नंतर विदूषक मासे, म्हणजे क्लाउनफिश, यांची जोडी. आणि सर्वांत शेवटी एक, केवळ एकच, पिवळा टँग. बेरीज केल्यास बारा मासे होतात. तांबडा, नारिंगी, पिवळा, जांभळा, रुपेरी असे सर्व रंग त्यात आले, आणि एकाही रंगासाठी आपण कोणाचा जीव पणास लावला नाही. त्यांच्या जोडीला दोन क्लीनर कोळंब्या ठेवाव्यात. त्या माशांच्या अंगावरील मृत त्वचा टिपतात. हेच काम करणारा क्लीनर रास हा मासा मात्र घेऊ नये. परजीवींवर जगणाऱ्या त्या माशाची भूक टाकीत क्वचितच भागते.

विदूषक माशाबद्दल दोन शब्द अधिक बोलतो, कारण २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटापासून प्रत्येक मूल प्रथम तोच मागते. हे मासे जन्मतः नर असतात. गटातील सर्वांत मोठा मासा मादी होतो. ती मेली की तिचा जोडीदार मादी बनतो आणि खालचा एक नर त्याची जागा घेतो. म्हणून दोन लहान मासे एकत्र सोडले की जोडी आपली आपण ठरते. तिसरा सोडला तर तो मार खातो. समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या शुंडकांत आसरा घेतो. टाकीत मात्र त्याला समुद्रफुलाची गरज भासत नाही, आणि समुद्रफूल स्वतः जागा बदलत फिरते व वाटेतील प्रवाळांना दंश करते. पहिली काही वर्षे ते नसलेलेच बरे.

मासे सोडण्याचा क्रमही निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. टाकीत आधी आलेला मासा भाटकार होतो आणि नंतर येणाऱ्यास मुंडकार लेखतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून सौम्य मासे आधी आणि तापट शेवटी सोडावेत. गोबी, फायरफिश आणि कार्डिनल प्रथम. ग्रामा, ब्लेनी आणि रास मध्ये. विदूषक आणि टँग अखेरीस. दोन खेपांत किमान तीन-चार आठवड्यांचे अंतर असावे, म्हणजे वाढलेला मलभार जीवाणूंच्या आवाक्यात राहतो. नव्या माशाला आधी चार ते सहा आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावे. त्याचे कारण असे की, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एका माशाबरोबर येऊन सर्वांचा नाश करू शकतो; त्यावरील तांब्याचे औषध प्रवाळ आणि कोळंब्या यांना मारक असल्यामुळे मुख्य टाकीत वापरता येत नाही. उपचार करावयाचा तो उंबरठ्याबाहेर.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे व्याख्यान देण्याचे विशेषत्वाने मान्य केले, तिच्याकडे येतो. हे मासे येतात कोठून? फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सायनाइड फवारून खडकातील मासे गुंगवून पकडण्याची पद्धत सुरू झाली आणि ती पुढे इतरत्रही पसरली. त्यात मासा तात्पुरता जगला तरी आतून खराब होतो आणि ज्या प्रवाळात तो दडला होता ते प्रवाळ मरते. बँगाई कार्डिनल इंडोनेशियातील सुलावेसीजवळच्या एका छोट्या द्वीपसमूहात आढळतो. त्याच्या पिल्लांना प्रवाहाबरोबर दूर वाहून जाण्याची अवस्थाच नाही. एका जागचे मासे उचलले की ती जागा ओस पडते. मत्स्यालयांच्या मागणीमुळे त्याची संख्या इतकी घटली की २००७ साली जागतिक निसर्ग संरक्षण संघाने त्याची नोंद संकटग्रस्त जातींत केली. या चित्राला दुसरी बाजूही आहे. विदूषक मासे गेली पन्नास वर्षे बंदिस्त जागी वाढवले जात आहेत. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. बँगाई कार्डिनल आणि ग्रामा हेही टाकीत पैदा होतात. अत्यंत अवघड मानला गेलेला पिवळा टँग २०१५ साली हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटने अंड्यापासून वाढवला, तर निळा टँग २०१६ साली फ्लॉरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वाढला. म्हणून यादीतील शक्य तो प्रत्येक मासा पैदाशीतलाच घ्यावा. तो महाग पडेल. परंतु तो तयार अन्न खातो, काचेला बिचकत नाही, आणि त्याच्यासाठी समुद्रातील कोणतेही बीळ रिकामे झालेले नसते. पैदाशीतला पिवळा टँग मिळाला नाही, तर ती जागा रिकामी ठेवावी असेच मी सुचवीन.

प्रवाळांच्या बाबतीत तर कायदाच स्पष्ट आहे. खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादींना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे; समुद्रघोडेही त्याच वर्षी त्या संरक्षणाखाली आले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. ग्रँड बेटाजवळ किंवा मालवणच्या समुद्रात बुडी मारून आणलेला तुकडा, अगदी मेलेला सुद्धा, शाळेच्या टाकीत येता कामा नये. खडक कृत्रिम, सच्छिद्र घ्यावा. जीवाणू त्यावरही वसतात. प्रवाळ घ्यावयाचे ते मऊ जातींचे, संवर्धनातून वाढवलेले आणि कागदपत्रांसह मिळणारे. जेथे कागद दाखवला जात नाही, तेथून काही घेऊ नये. विज्ञान दालनातील पहिला पाठ कायदा मोडून देता येत नाही.

आणखी एक पथ्य. टाकीत न मानवलेला मासा 'समुद्राचा तो समुद्राला' असे म्हणून किनाऱ्यावर सोडण्याचा मोह होतो. त्याला दया म्हणतात. प्रत्यक्षात तो मोठा अपाय ठरू शकतो. हिंदी आणि प्रशांत महासागरांत राहणारा लायनफिश १९८५ साली अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ प्रथम आढळला. मत्स्यालयांतून सोडलेल्या माशांपासून ही वसाहत झाली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. त्या समुद्रात त्याला ओळखणारा शत्रू नव्हता. आज तो कॅरिबियनमध्ये सर्वत्र पसरला असून तेथील लहान मासे फस्त करीत आहे. आपल्या यादीतील ग्रामा कॅरिबियनचा आणि पिवळा टँग प्रामुख्याने हवाईचा. यांच्यापैकी कोणीही मिरामारच्या पाण्यात जाता कामा नये.

एवढे सगळे करून आपण काय मिळवणार, असे कोणी विचारील. मला वाटते, तापमापक पाहणारा विद्यार्थी ते आपोआप शिकेल. टाकीचे पाणी दोन अंशांनी तापले की प्रवाळ कसे आक्रसते, हे तो पाहील. मग १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळखडक तापलेल्या पाण्याने पांढरे का पडले, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आपण चिलर लावून हजार लिटर पाणी थंड ठेवू शकतो. समुद्राला चिलर लावता येत नाही, हा विचार त्याच्या मनात उभा राहिला तर टाकीचा खर्च वसूल झाला.

शेवटी व्यवस्थापन समितीला एक स्पष्ट विनंती आहे. मासे चतुर्थीच्या सुट्टीतही खातात आणि मे महिन्यातही श्वास घेतात. वीज गेली की पंप थांबतो, आणि काही तासांतच पाण्यातील प्राणवायू ओसरू लागतो. म्हणून देणगीच्या रकमेतून पहिली खरेदी बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाची व्हावी. पहिला मासा आणण्यापूर्वी वर्षभरातील प्रत्येक रविवार, प्रत्येक सण आणि प्रत्येक सुट्टी यांच्यापुढे एका शिक्षकाचे आणि दोन विद्यार्थ्यांचे नाव लिहिलेला तक्ता भिंतीवर लावावा. त्यातील एकही रकाना रिकामा असेल तर टाकीही तोवर रिकामीच राहू द्यावी. तक्ता भरला, की बारा मासे खुशाल आणावेत. ते कसे आणि कोणत्या क्रमाने आणावयाचे, हे आपण आज पाहिलेच.